कातळावर वीज: दगड आणि काँक्रीट फोडण्याच्या एका तंत्राचा आढावा

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या कडेने मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पाच्या हद्दीत खोदायला घेतले की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मग काळा कातळ. दख्खनच्या लाव्ह्याने अंथरलेल्या थरांची ही पूर्वेकडची कड. शहर ओलांडून पूर्वेला गेले की खडकाची जात बदलते, जुने ग्नाइस लागते. खापरी, शिवणगाव, दहेगाव, कलकुही या बाजूला मात्र बेसाल्टच. मिहान उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर या पट्ट्यात आयटी कंपन्यांचे कॅम्पस आले, विमानदुरुस्तीचे हँगर आले, एम्स आणि आयआयएम आले, मेट्रोचा डेपो आला, समृद्धी महामार्गाचे तोंडही इथेच उघडले. या सगळ्यांचा पाया याच कातळात आहे आणि वरच्या काँक्रीटमधली गिट्टीही बहुतेक याच जातीच्या दगडाची.

दगड कसा फोडायचा, कोणी फोडायचा आणि किती अंतरावरून फोडायचा, याचे देशातले बरेच कागद नागपुरातूनच हलतात. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय इथे आहे. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेकोलि यांची मुख्यालये इथेच. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र आणि व्हीएनआयटीचा खाणशास्त्र विभागही इथेच. औद्योगिक स्फोटकांचे मोठे कारखाने जिल्ह्यात आहेत. म्हणून सुरुंगाच्या जागी वीज वापरता येईल का, हा जगभर निदान ७० वर्षे रेंगाळलेला प्रश्न नागपुरात बसून तपासणे सोयीचे आहे. त्याची बाजू घेणारे आणि त्याला हसणारे, दोघेही इथे हाकेच्या अंतरावर सापडतात.

सध्या दगड फुटतो तो असा

उघड्या खदानीत अजून सुरुंगाला तोड नाही. भोके पाडायची, त्यांत अ‍ॅनफो किंवा इमल्शन भरायचे, डिटोनेटर लावायचा. अ‍ॅनफो म्हणजे ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल. याहून स्वस्त स्फोटक मिळणे कठीण. अडचण सुरू होते ती वस्ती जवळ आल्यावर. खाणीत सुरुंग उडवताना ५०० मीटरचा घेर धोक्याचा मानला जातो. हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे परिपत्रक आहे. खाणमालकाची नसलेली साधी घरे आसपास असतील, तर जमिनीच्या कंपनाचा वेग ८ हर्ट्झच्या खालच्या वारंवारितेला सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ मिलिमीटर, यापुढे जाता कामा नये. ऐतिहासिक वास्तू असेल तर सुरुवातच २ मिलिमीटरपासून. धावपट्टी, रुग्णालय आणि मेट्रोचा खांब एकाच नजरेच्या टप्प्यात असतील, तर हे आकडे पाळून सुरुंग लावणारा ठेकेदार शोधावा लागेल आणि तो मागेल तो दरही द्यावा लागेल.

मग ब्रेकर येतो. पोकलेनच्या हाताला लावलेली ती जाड छिन्नी मुरमात सरसर उतरते, मऊ थरात पापुद्रे काढते आणि ताज्या बेसाल्टवर आली की जागच्या जागी नाचू लागते. भुगा उडतो, टोक तापून निळसर पडते, दगडाला पांढरा चट्टा पडतो आणि बाकी काहीच होत नाही. अनुभवी ऑपरेटर तिथे जोर करत बसत नाही. तो मशीन दोन हात सरकवतो, कातळातला सांधा शोधतो आणि छिन्नी त्यात घालतो. सांधा सापडला तर घमेल्याएवढा तुकडा सुटतो. नाही सापडला तर डिझेल जळते आणि मीटरचे बिल वाढते. भोकांत ओतायची, फुगून दगड चिरणारी चुन्याची पावडर हा तिसरा मार्ग. तो शांत आहे, पण काही तास ते दिवसभर वाट पाहायला लावतो.

वडार समाजातले जुने कारागीर पहारीने ओळीने भोके पाडून पाचरी ठोकत, ते या सगळ्यांपेक्षा पदार्थविज्ञानाच्या जास्त जवळ होते. चांगला ताजा बेसाल्ट १०० मेगापास्कलच्या बराच वर दाब सहज सोसतो. ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. ब्रेकर आणि क्रशर दगडाला दाबून मारतात, म्हणजे तो जिथे सर्वांत मजबूत आहे तिथे. पाचर त्याला आतून ताणते. विजेच्या तंत्राचा सगळा दावा या एका फरकावर उभा आहे.

५०० नॅनोसेकंद

साधनसामग्री जुनीच आहे. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये एक मांडणी दाखवली: बरेच कपॅसिटर समांतर जोडून भरायचे आणि ठिणगीच्या फटींमधून क्षणात एकसर जोडून रिकामे करायचे. विद्युतदाब बेरजेने वाढतो आणि काही लाख व्होल्ट मिळतात. उच्च दाबाच्या प्रयोगशाळांत इन्सुलेटर तपासायला हीच मांडणी आजही वापरतात.

ती दगडाकडे वळली सोव्हिएत संघात. ल. अ. युटकिन यांनी पाण्यातल्या ठिणगीतून निघणाऱ्या आघात-लहरींवर काम केले आणि १९५५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सैबेरियातल्या तोम्स्क पॉलिटेक्निकमध्ये अ. अ. वोरोब्योव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. एखादा पदार्थ किती विद्युतदाबाला हार मानतो, हा त्याचा कायमचा गुण नसतो. दाब किती झपाट्याने चढतो यावर ते अवलंबून असते, हे त्यांच्या हाती लागले. दाब सावकाश चढवला तर पाणी आधी हार मानते आणि ठिणगी पाण्यातून जाते, दगड तसाच राहतो. तोच दाब साधारण ५०० नॅनोसेकंदांच्या आत चढवला तर क्रम उलटतो. पाणी टिकते, दगड आधी फुटतो. त्यामुळे दगड पाण्यात बुडवून त्याच्या एकाच पृष्ठावर दोन इलेक्ट्रोड टेकवले, तरी ठिणगी वरच्या पाण्यातला जवळचा रस्ता सोडून दगडाच्या पोटातून वळसा घेते.

एका ठोक्यात काय होते ते सावकाश पाहू. दोन इलेक्ट्रोड काही सेंटिमीटर अंतरावर. त्यांच्यात दोन-तीन लाख व्होल्ट उभे राहतात. खनिजांच्या कणांच्या सीमांवर, सूक्ष्म पोकळ्यांवर विद्युतक्षेत्र एकवटते आणि तिथून केसाहून बारीक फांद्या दगडात धावू लागतात. एक फांदी पलीकडे पोचते. त्या वाटेने हजारो अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो, आतला दगड वितळून, वाफ होऊन प्लाझ्मा बनतो, तापमान १०,००० अंशांच्या पुढे जाते आणि दाब गिगापास्कलमध्ये मोजावा लागतो. ही वाहिनी फुगते. भोवतीचा दगड ताणला जातो, भेगा पृष्ठाकडे धावतात आणि एक चकती सुटून पडते. यासाठी लागलेली ऊर्जा काहीशे ज्यूल ते काही किलोज्यूल, म्हणजे अगदी मामुली. पण १ किलोज्यूल १ मायक्रोसेकंदात सोडला तर त्या क्षणापुरती शक्ती १,००० मेगावॉट होते. कोराडी वीजकेंद्रातला मोठा संच ६६० मेगावॉटचा आहे.

नाव एक, तंत्रे दोन

या विषयातले निम्मे भांडण दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजण्यातून होते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

पहिल्या तंत्रात ठिणगी पाण्यातच पडते आणि दगडाला फोडते ती पाण्यातून आलेली लहर. इथे नॅनोसेकंदांची शिस्त लागत नाही, मायक्रोसेकंद चालतात. याचे सर्वांत यशस्वी रूप खाणीत नाही, दवाखान्यात सापडले. म्युनिकमध्ये १९८० साली डॉर्निएर कंपनीच्या यंत्राने रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून फोडला, तो पाण्यातल्या ठिणगीची लहर आरशासारख्या भांड्याने एका बिंदूवर आणून. खडकासाठी याच जातीचा प्रयत्न कॅनडाच्या नोरांडा या खाण कंपनीने १९९० च्या सुमारास केला: कातळात भोक पाडायचे, त्यात द्रव आणि इलेक्ट्रोड घालायचे, कपॅसिटरची मोठी बँक एका झटक्यात रिकामी करायची. एकेका ठोक्यामागे शेकडो किलोज्यूल. 'प्लाझ्मा ब्लास्टिंग' म्हणतात ते हे.

दुसरे तंत्र तोम्स्कचे. इथे ठिणगी दगडाच्या आत पडते, एका ठोक्याची ऊर्जा थोडी असते आणि ठोके सेकंदाला अनेक द्यावे लागतात. पहिले सुरुंगाची जागा मागते, दुसरे क्रशरची आणि ड्रिलची. पहिल्याला भोके पाडणारी मशीन तरीही लागतेच. दुसऱ्याला ती लागत नाही, पण दगड पाण्यात बुडवावा लागतो. एखाद्याने 'विजेने दगड फुटतो का' असे विचारले, तर यांतले कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

बाजू मांडणारे काय म्हणतात

त्यांचा पहिला मुद्दा ताणाचा, तो वर आलाच. दुसरा निवडीचा. ठिणगी खनिजांच्या सीमा शोधत जाते, त्यामुळे दगड अंदाधुंद चुरला न जाता कणाकणाला सुटा होतो. जर्मनीच्या कार्ल्सरूहे संशोधन केंद्राने 'फ्रांका' नावाच्या यंत्रमालिकेवर हे दाखवले. स्वित्झर्लंडच्या सेलफ्राग कंपनीने प्रयोगशाळेत ठेवता येईल असे यंत्र विकायला काढले. भूवैज्ञानिकांना झिरकॉनसारखे बारीक स्फटिक न तुटता हवे असतात. त्यांनी ते उचलून धरले. धातुकाच्या बाबतीत दावा असा की खनिज मोठ्या आकारातच सुटे झाले तर दळण्याचा खर्च वाचतो, किंवा निदान काही ठोके देऊन दगड आतून कमजोर करून ठेवला तर पुढची गिरणी कमी वीज खाते. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या मँगनीजवर हे पडताळायला हिंगण्याची जागा योग्य आहे. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सची खनिज-प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट तिथेच, मिहानपासून फार लांब नाही.

तिसरा मुद्दा खोल विंधनाचा. भूगर्भातल्या उष्णतेसाठी काही किलोमीटर कठीण खडकात उतरायचे तर नेहमीचे बिट झिजतात आणि बदलायला सगळी नळी वर काढावी लागते. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात आणि नॉर्वेच्या एनटीएनयूमध्ये वीज-स्पंदाच्या विंधनावर काम झाले आहे. खडकावर भार टाकावा लागत नाही, ही त्यातली खरी कमाई. आपल्याकडे या गरजेला अजून तशी घाई नाही.

चौथा मुद्दा सुरक्षेचा, आणि नागपुरात तो नुसता सैद्धांतिक राहत नाही. बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९ कामगारांचा जीव गेला. भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी ८ जण गेले. हे अपघात स्फोटके बनवतानाचे, आणि दुसरा तर लष्करी उत्पादनातला; खदानीत सुरुंग लावतानाचे ते नव्हेत. युक्तिवादात त्यांची सरमिसळ होते, ती योग्य नाही. तरी मुद्दा उरतो: कपॅसिटर साठवून, वाहून, चोरून नेण्याचा माल नाही. स्विच बंद केला, अर्थ केला, की धोका संपतो. स्फोटकाचे तसे नसते.

शंका घेणारे काय म्हणतात

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: फुटतो हे मान्य, पण किती आणि केवढ्याला?

हिशेब साधा आहे. १ किलो अ‍ॅनफोत सुमारे ३.८ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे जवळपास १ युनिट वीज. खदानीत टनभर दगड सुटायला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम स्फोटक लागते, म्हणजे फार तर युनिटचा पाचवा हिस्सा. विजेच्या स्पंदाने दगड बारीक करायचा तर, तुकडे किती लहान हवेत त्यानुसार, टनामागे काही युनिटांपासून काही दशक युनिटांपर्यंत आकडे प्रसिद्ध झाले आहेत. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही सांगायला हवे. सुरुंगाने सुटलेला डब्बर अजून क्रशरला जायचा असतो आणि तिथे वीज लागतेच. तरीही उघड्या खदानीत वीज हरते, यावर दोन्ही बाजूंत आता फारसा वाद दिसत नाही.

खरा घोळ ऊर्जेच्या साठ्यात आहे. चांगल्या पल्स कपॅसिटरमध्ये घनमीटरमागे १ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा मावते. तेवढ्याच जागेत अ‍ॅनफो भरले तर ३,००० मेगाज्यूल. म्हणून सुरुंगाची जागा घेऊ पाहणाऱ्या प्लाझ्मा ब्लास्टिंगला एका भोकासाठी ट्रकभर कपॅसिटर न्यावे लागतात. नोरांडाचा प्रयोग खाणीतल्या रोजच्या कामापर्यंत पोचला नाही, याचे नवल वाटू नये.

थोडी ऊर्जा आणि पुष्कळ ठोके, या दुसऱ्या तंत्राला साठ्याची अडचण नाही. त्याला झीज आडवी येते. समजा तासाला २० टन माल काढायचा आणि टनामागे ५ युनिट लागतात. म्हणजे १०० किलोवॉट. ही काही मोठी गोष्ट नाही, मध्यम क्रशरची मोटरही एवढी असते. पण १ किलोज्यूलचा ठोका धरला तर सेकंदाला १०० ठोके, तासाला ३ लाख ६० हजार, आठ तासांच्या पाळीत जवळपास २९ लाख. प्रत्येक ठोक्याला इलेक्ट्रोडचे टोक थोडे जळते, ठिणगीच्या फटीचा स्विच थोडा झिजतो, कपॅसिटरच्या आतली फिल्म थोडी थकते. विजेचे बिल परवडते. सुटे भाग किती दिवसांनी बदलावे लागतात यावर धंदा ठरतो. क्रशरचा जबडा झिजला तर गावातला वेल्डर त्यावर थर चढवून देतो, तसा लाखो व्होल्टचा स्विच कोणी दुरुस्त करून देत नाही.

तिसरी शंका पाण्याची. नॅनोसेकंदांचा सगळा खेळ पाणी इन्सुलेटर असण्यावर चालतो. क्षार वाढले की ते वाहक होते, दाब चढण्याआधीच गळती सुरू होते आणि ठोका वाया जातो. सोव्हिएत काळात काही कामांत पाण्याऐवजी ट्रान्सफॉर्मर तेल किंवा डिझेल वापरले जाई. आज ते कोणी परवानगी मागायलाही धजणार नाही.

काँक्रीटचे प्रकरण वेगळे

माझ्या मते या तंत्राची सर्वांत भक्कम बाजू कातळात नाही, पाडलेल्या काँक्रीटमध्ये आहे. त्यामुळे इथे जास्त जागा देतो.

जुना स्लॅब जॉ-क्रशरमध्ये घातला की गिट्टी आणि सिमेंटचा लगदा एकत्रच चिरडले जातात. बाहेर येते ती गिट्टी, तिच्या अंगावर जुन्या मसाल्याचे थर घट्ट चिकटलेले. हे थर सच्छिद्र असतात, पाणी पितात आणि नव्या काँक्रीटचे गणित बिघडवतात. म्हणूनच आयएस ३८३ या मानकाची २०१६ ची आवृत्ती हात आखडता ठेवते: पुनर्वापराची काँक्रीट गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या प्रतीला २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ च्या खालच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. उरलेला माल रस्त्याच्या बेसमध्ये जातो किंवा भराव म्हणून कुठेतरी पडतो.

विजेचा स्पंद इथे आपल्या स्वभावाने वागतो. बेसाल्टची गिट्टी आणि सच्छिद्र मसाला यांचे विद्युतगुण वेगळे, म्हणून ठिणगी दोघांच्या सीमेवरून धावते. तिथूनच लहर परतते आणि तीच जागा काँक्रीटमध्ये मुळात सर्वांत कमजोर असते. भिजवलेल्या डाळीची साल जशी चोळताच सुटते, तसा मसाला सुटतो आणि गिट्टी बरीचशी स्वच्छ निघते. जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठाने यावर दीर्घकाळ काम केले. जर्मनीत होल्त्सकिर्खेनच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१२ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा धंद्याच्या दृष्टीने तासाला २० टनांचे लक्ष्य ठेवले होते. वरच्या हिशेबातला आकडा मी तिथूनच घेतला. सुटलेला सिमेंटचा बारीक गाळ पुन्हा सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून घालता आला तर चुनखडी आणि कार्बन दोन्ही वाचतील, असा त्यापुढचा दावा आहे. प्रयोगशाळेत तो पटतो. भट्टीवाले रोजच्या रोज तो गाळ सारख्या प्रतीचा मागतील, ही अट तिथे लागू नसते.

सळईबद्दल मते जुळत नाहीत. काहींच्या मते लोखंड वाहक असल्यामुळे ठिणगी तिकडेच धावेल आणि ठोका फुकट जाईल. काहींच्या मते तेच सोयीचे आहे, कारण सळईलाच दुसरा इलेक्ट्रोड करता येतो आणि तिच्याभोवतीचे काँक्रीट साफ सुटते. दोन्ही गोष्टी घडतात. सळई किती खोल आहे आणि इलेक्ट्रोड कुठे ठेवला यावर ठरते. सळईचा इंगा स्फोटकांनाही कळलेला आहे. पुण्यात चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवला, तेव्हा काँक्रीट फुटले पण सळईने सांगाडा धरून ठेवला आणि उरलेले काम पोकलेनने पूर्ण करावे लागले.

नागपुरात या सगळ्याला निमित्त भरपूर आहे. गेल्या काही वर्षांत शहराचे रस्ते डांबराऐवजी सिमेंटचे झाले. सिमेंटचा रस्ता टिकतो खरा, पण खाली पाइप किंवा केबल टाकायची वेळ आली की तो ब्रेकरनेच फोडावा लागतो, आणि ढिगारा निघतो तो पक्क्या काँक्रीटचा. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०१६ मध्ये आले. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू असून २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर ते विस्तारित उत्पादक जबाबदारी टाकतात. मिहानमधले बहुतेक मोठे प्रकल्प या मापात बसतात. कन्हानच्या वाळूचे आणि पाचगावकडच्या गिट्टीचे भाव, सोबत वाहतुकीचा खर्च, यांकडे पाहता जुन्या काँक्रीटमधली गिट्टी आता निव्वळ कचरा राहिलेली नाही.

भारतात हे कुठे आहे

उच्च दाबाचे झटपट स्पंद निर्माण करण्याचे ज्ञान आपल्याकडे नाही असे नाही. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' या इलेक्ट्रॉन-प्रवेगकाची कल्पना १९८५ मध्ये डॉ. आर. चिदंबरम यांनी मांडली आणि १९८९ मध्ये काम सुरू झाले. 'काली-५०००' हे त्या मालिकेतले प्रसिद्ध यंत्र. त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर शत्रूची क्षेपणास्त्रे पाडण्याच्या ज्या कथा फिरतात त्या सोडून द्याव्यात. आपल्या कामाचे एवढेच की मार्क्सची मांडणी, नॅनोसेकंदांचे स्विच, पाण्याने इन्सुलेट केलेल्या वाहिन्या हे सगळे तिथे हाताळले गेले आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतून २००० मध्ये पाण्यातल्या विद्युतठिणगीच्या आघात-लहरींचे गणिती प्रतिमानही प्रसिद्ध झाले.

दुसरीकडे खडकाचे ज्ञान नागपूर-धनबादकडे. बेसाल्टच्या कोणत्या थराला किती सुरुंग, कोणत्या घराला किती हादरा, हे इथले लोक झोपेतही सांगतील. या दोन गटांना एकत्र बसायला कारण मिळालेले नाही. पहिल्यांचे काम संरक्षण आणि अणुऊर्जेच्या गरजांनी आखलेले. दुसऱ्यांसमोर स्वस्त स्फोटके हजर. जिथे स्फोटक इतके सुलभ आणि यंत्रणा इतकी सरावलेली आहे, तिथे पर्यायाची भूक कमी असते. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही.

जे ठरलेले नाही

आपल्या बेसाल्टची जात पहिली. या विषयातला बराचसा अभ्यास ग्रॅनाइटवर झालेला आहे. ग्रॅनाइटचे कण मोठे आणि खनिजे वेगवेगळी, त्यामुळे ठिणगीला सीमा भरपूर मिळतात. मिहानखालचा घट्ट बेसाल्ट बारीक कणांचा आणि एकजीव. त्यात निवडक फुटण्याचा फायदा किती उरतो? शिवाय त्याच खड्ड्यात दोन मीटरवर झिओलाइटने भरलेल्या पोकळ्यांचा थर लागतो आणि त्याखाली झिजलेला, पाणी धरलेला. ओलसर, माती झालेला थर वीज गळू देतो. एकाच यंत्राला एका पाळीत तिन्ही थर कसे झेपतील, याला प्रयोगाखेरीज उत्तर नाही.

काँक्रीटसाठी पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर आणखी अवघड. जुन्या काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरतो, लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरे मानतात, त्याच्या हे तिप्पट. म्हणजे यंत्र सुरू झाले की स्वतःचेच पाणी बिघडवत जाते. ते शुद्ध करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च टनामागे किती, हे प्रत्येक गटाच्या हिशेबात निराळे येते. काही हिशेबांत ते धरलेलेच नसते.

विमानतळाच्या शेजाराचा प्रश्न मिहानपुरता खास. नॅनोसेकंदांत हजारो अ‍ॅम्पिअर प्रवाह बदलला की रेडिओलहरी निघतात, आणि विमान उतरवणारी यंत्रणा त्याच लहरींच्या भरवशावर चालते. काँक्रीट फोडणारे यंत्र बंद लोखंडी पेटीत असते. त्याला झाकणे सोपे. उघड्या कातळावर टेकवलेल्या इलेक्ट्रोडला पेटी कशी घालणार? सुरुंगाचा दगड धावपट्टीवर उडण्याचा धोका टाळायला वीज आणायची आणि तिने उतरणाऱ्या विमानाच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करायची, हे कोणी मान्य करणार नाही. शिवणगावकडच्या दुसऱ्या धावपट्टीच्या कामात कोणी हे सुचवलेच तर पहिली मोजणी याचीच व्हायला हवी.

कायद्याचीही जागा रिकामी आहे. १८८४ चा स्फोटक अधिनियम पदार्थांबद्दल बोलतो, आणि भरलेला कपॅसिटर हा पदार्थ नव्हे. मग त्याला फक्त विद्युत सुरक्षेचे नियम लागतील का? खाणीत वापरला तर खाण सुरक्षा महासंचालनालय त्याला ब्लास्टिंग म्हणेल की यंत्र? प्लाझ्मा ब्लास्टिंगच्या काही प्रकारांत भोकात धातूची भुकटी आणि ऑक्सिडायझरचे काडतूस घालून ते विजेने पेटवतात. तिथे तर हद्द आणखी धूसर होते. ते काडतूस माझ्या वाचनाप्रमाणे पेसोच्या दारातूनच जायला हवे, पण असे प्रकरण समोर येईपर्यंत मत हे मतच.

आणि मानकाचा मुद्दा. आयएस ३८३ मधली २० आणि २५ टक्क्यांची मर्यादा क्रशरमधून आलेल्या, मसाला चिकटलेल्या गिट्टीला समोर ठेवून केलेली आहे. विजेने सुटलेली गिट्टी खरेच स्वच्छ असेल तर ती मर्यादा तिला जाचक ठरेल, आणि नसेल तर सवलत मागायचे कारण उरणार नाही. त्यासाठी तिचे पाणीशोषण, घनता आणि चुरगळण्याचा निर्देशांक विदर्भातल्याच जुन्या काँक्रीटवर, भारतीय चाचणीपद्धतीने मोजावा लागेल. ही मोजणी करायला २० टनांचे यंत्र लागत नाही. प्रयोगशाळेतले, दिवसाला काही किलो फोडणारे यंत्र आणि सिमेंट रस्त्याच्या ढिगाऱ्यातली काही पोती पुरतील.